बँकॉकला येण्याआधी खाण्याबद्दल थोडं

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तिकिटं झाली, आता जेवणाखाण्याचं ठरवून टाकू. आई, दशम्या, मेतकूट आणि लाडू बांधून घेणार म्हणालीस. मेतकूट जरूर आण, पहिल्या रात्री मऊ भाताबरोबर उपयोगी पडेल. पण सगळे दिवस डब्यावर आणि पाहुरतमधल्या, म्हणजे इथल्या भारतीय वस्तीतल्या, पंजाबी हॉटेलांवर काढू नका, एवढी माझी विनंती आहे. बँकॉकचं अर्धं शहरपण रस्त्यावरच्या स्वयंपाकात आहे, आणि मासेसुद्धा न खाणाऱ्या माणसाला इथे पोटभर, निर्धास्त जेवता येतं. कुठे बघायचं आणि काय बोलायचं, हे मात्र आधी माहीत हवं.

अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते. इथल्या जेवणात खारटपणा मुख्यतः नाम प्लामधून येतो. मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं ते पाणी. साधी पालेभाजी परतली तरी तिच्यात बहुधा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो. हिरव्या आणि लाल करीच्या वाटणात कापी असते, म्हणजे आंबवलेला जवळा. पॅड थाय (परतलेल्या नूडल्स) आणि सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर) यांत सोडे जातात. नूडल्सच्या सुपाचं पाणी डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांचं. त्यामुळे नुसतं "मांस नको" म्हटलं की समोरचा तुकडे तेवढे वगळतो, बाकीचं तसंच राहतं. तो फसवत नाही. नाम प्ला त्याच्या लेखी मिठाच्या जागी आहे, ते मांसात धरत नाहीत.

आई, तुझ्यासाठी खरा आधार म्हणजे "जे". चिनी वंशाच्या थाई लोकांचं हे व्रताचं जेवण. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल थाई अक्षरं असतात, लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, शिवाय कांदा-लसूणही नाही, म्हणजे तुझ्या चातुर्मासालाही चालेल असं. परातींमध्ये डुकराच्या किंवा बदकाच्या मांसासारखे तुकडे दिसले तर दचकू नकोस. ते सोयाचे किंवा गव्हातल्या ग्लूटेनचे असतात. भातावर दोन किंवा तीन प्रकार बोटाने दाखवायचे, तो वाढून देतो. चायनाटाऊनमध्ये, वाट मांगकॉन मेट्रो स्टेशनच्या आसपास अशी दुकानं मिळतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस (बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतात) तर तिथल्या गल्ल्या या पिवळ्या झेंड्यांनी भरून जातात. पुढच्या खेपेला तेव्हाच या.

पाटी नसेल तिथे "किन जे" म्हणायचं. दूध-अंडं चालत असेल तर "मंगसविरत", पण तू अंडं खात नाहीस, म्हणून तुझ्यासाठी "जे" हाच शब्द. वाक्याच्या शेवटी तू "खा" म्हण, बाबा तुम्ही "ख्राप". ते आदराचं आहे आणि त्याने समोरचा खरोखर मऊ होतो. "माय साय नाम प्ला" म्हणजे नाम प्ला घालू नका. "माय फेत" म्हणजे तिखट नको. आपण तिखट खाणारे खरे, पण इथली बारकी मिरची वेगळीच झोंबते. सोम तम मागताना "प्रिक मेत दियाव", एकच मिरची, एवढ्यावर सुरुवात करा.

सोम तम म्हणजे कच्च्या पपईचा कीस मातीच्या खलात लाकडी बत्त्याने ठेचून केलेली कोशिंबीर. लसूण, मिरची, ताडगूळ, लिंबू, चवळीच्या लांब शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे. प्रत्येक बशी मागितल्यावर समोरच ठेचतात, म्हणून नाम प्ला आणि सोडे सहज वगळता येतात, त्याऐवजी सोया सॉस घालायला सांगायचं. पण खल एकच असतो. आधीच्या गिऱ्हाइकाच्या बशीत खेकडा किंवा प्ला रा, म्हणजे आंबवलेला मासा, गेलेला असू शकतो, आणि दर वेळी खल धुतला जात नाही. आई, म्हणून तू सोम तम फक्त जे दुकानातच खा. बाबा, तुम्ही मागताना "सोम तम थाय" म्हणा. नुसतं सोम तम म्हटलं तर एखाद्या गाडीवर खेकड्याचं येईल, आणि तो खेकडा शिजवलेला नसतो, खारवलेला असतो. तो नको. कच्ची कोळंबी आणि कच्चे कालवसुद्धा नकोत.

बाबा, तुम्हाला मासे आवडतात, तेव्हा प्ला फाव खायचाच. अख्ख्या माशाच्या पोटात गवती चहाचे दांडे कोंबतात, वरून जाड मिठाचा लेप देतात आणि कोळशावर सावकाश भाजतात. मिठाचं कवच सालीसकट निघून येतं, म्हणून आतला मासा खारट होत नाही, ओलसर राहतो. सोबत येणारी हिरवी चटणी मात्र नाम प्लाची असते. एका मोठ्या चमचाभर नाम प्लात सुमारे १,४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभराची मर्यादा २,००० धरतात. तुमच्या रक्तदाबाला ते परवडणारं नाही. चटणीत घास बुडवू नका, काट्याच्या टोकाने लावा. नूडल्स खाल्ल्या तरी सूप बाऊलमध्येच सोडून द्या. टेबलावर चार वाट्या असतात: साखर, सुक्या मिरचीचा चुरा, नाम प्ला, आणि व्हिनेगरमधली मिरची. आधी चव घ्यायची आणि मग फक्त व्हिनेगरची वाटी ओढायची. "माय आव मू" म्हणजे डुक्कर नको, "माय आव नुअ" म्हणजे गाय-बैल नको. हे दोन्ही पाठ करा, कारण माशांच्या गोळ्यांच्या सुपातही पाणी डुकराच्या हाडांचं असू शकतं.

आता आंबा. एप्रिलच्या शेवटी येताय ते यासाठी अगदी योग्य आहे. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्ट्या (१३ ते १५ एप्रिल) संपून दुकानं उघडलेली असतात आणि नाम डोक माय आंबा भरात असतो. लांबट, पिवळाधमक, कोय पातळ, रेषा जवळजवळ नाहीतच. बाबा, हापूसचा सुगंध त्यात शोधू नका, त्याची खुमारी निराळी आहे. खाव निआव मामुआंग म्हणजे हा आंबा आणि चिकट भात. तांदूळ रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात, पाण्यात शिजवत नाहीत. गरम असतानाच त्यात साखर-मीठ घातलेलं नारळाचं घट्ट दूध कालवून अर्धा तास झाकून ठेवतात. भात थंड झाल्यावर कालवला तर दूध आत शिरत नाही, खाली साचतं आणि शितं कोरडी लागतात. वरून थोडं खारट दूध आणि कुरकुरीत मूगडाळ. निळसर-जांभळा भात दिसला तर तो गोकर्णाच्या फुलांचा, हिरवा पांदानच्या पानांचा. यात प्राणिजन्य काहीच नाही, आई, तू बिनधास्त खा. पण पार्सल घेऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, भात दगडासारखा होतो. आणि उन्हात ठेवलं तर नारळाचं दूध काही तासांत आंबतं. घेतल्यावर तासाभरात संपवायचं. बाबा, साखर भरपूर असते, तेव्हा तिघांत एक बशी.

उत्तम आंबा ऑर टॉर कॉर मंडईत मिळेल, खाम्फेंग फेत मेट्रोच्या ३ नंबरच्या दारातून बाहेर पडलं की समोरच. फळं तिथे थोडी महाग आहेत, पण निवडलेली असतात. दादाची मुलं येत आहेत, त्यांना खानोम क्रोक द्या: तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, बिडाच्या अप्पेपात्रात भाजलेलं, दोन अर्ध्या जोडून एक गोळा. मुलांना आधी फोडून फुंकायला लावा. आतलं दूध उकळतं असतं आणि जीभ भाजते.

वेळेचं भान फार महत्त्वाचं आहे. भातावर करी वाढणाऱ्या दुकानांत स्वयंपाक पहाटे होतो आणि अन्न दिवसभर परातीत राहतं, म्हणून तिथे सकाळी दहाच्या आत जेवायचं, दुपारी तीनला नाही. दुपारच्या उन्हात मॉलमधलं फूड कोर्ट बरं. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, निघताना उरलेले परत घ्यायचे. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर, जिथे कढई तुमच्यासमोर तापते आणि स्थानिक माणसं रांगेत आहेत तिथे. यावरातला, म्हणजे चायनाटाऊनच्या मुख्य रस्त्यावर, सोमवारी जाऊ नका, बऱ्याच गाड्या बंद असतात. बर्फ मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा असेल तर तो कारखान्यातला, चालतो. पाणी बाटलीचंच. खिशात वीस, पन्नास, शंभरच्या नोटा ठेवा. गाडीवाल्याकडे हजार बाटची मोड नसते.

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने अन्न चमच्यात ढकलायचं, तोंडात चमचाच जातो. चॉपस्टिक नूडल्सपुरत्या. चिकट भात हाताने खातात, त्यामुळे बाबा खूश होतील.

सोबत थाई लिपीत छापलेली दोन कार्डं पाठवते आहे. पिवळं आईचं: जे, नाम प्ला नाही, ऑयस्टर सॉस नाही, अंडं नाही. पांढरं बाबांचं: डुक्कर नाही, गाय-बैल नाही, मीठ-साखर कमी. ऑर्डर देण्याआधीच दाखवायची, ताट आल्यावर नाही. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी किती मिनिटं घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं आहे ते उलट टपाली कळवा. इथे बशी पाच मिनिटांत समोर येते, त्याप्रमाणे सकाळच्या वेळा बसवते.

तुमची लेक