गाडी विकायची घाई नको

नागपूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

ताईकडे नाशिकला तुमचं छान चाललं असेल. इकडे थंडी चांगलीच पडलीय. आई, कढीपत्त्याला पाणी घालते आहे, काळजी नको. पत्र लिहायला बसले ते मात्र गाडीसाठी, कारण फोनवर बाबा मला बोलूच देत नाहीत.

बाबा, "१,२४,००० किलोमीटर चालली, इंजिन संपलं, एक्स्चेंजला देऊन टाक" हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. सकाळी चटकन सुरू न होणं, सिग्नलला थरथरणं, वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर चढताना गचके देणं, हे सगळं खरंच होतं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तर बॉनेट न उघडताच इंजिनाचं काम सांगितलं. मी सरळ सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, प्लग कधी बदलले होते?" (आई, प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतात ते.) तुमच्या डायरीत पाहिलं, ६२,००० ला. साधे प्लग तीस-चाळीस हजारांत बदलायचे असतात, बाबा!

त्याने आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरमागरम प्लग ओढला तर आटे जातात आणि मग खरंच मोठा खर्च निघतो. प्लगला वीज देणाऱ्या कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यांत हवा मारली, तर आपल्या नागपूरची धूळ भसकन वर आली. तीच आत सिलिंडरमध्ये पडली असती.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. दोघांचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे आतलं जळण ठीक. पण त्यांच्या मधल्या टोकाची, म्हणजे इलेक्ट्रोडची धार झिजून पार गोल झालेली, आणि दोन टोकांमधली १.१ मिलिमीटर असायला हवी ती गॅप १.४ च्या पुढे गेलेली. आई, तुझ्या गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी जशी दोन टोकांमधली जागा ओलांडून उडते, तसंच हे. जागा वाढली की उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात पूल चढताना सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा ठिणगी हमखास चुकते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, ते वेगळंच. शिवाय कॉइलवरही ताण.

आता तुम्ही म्हणाल, पॉलिश पेपर मारून परत बसवायचे. स्कूटरला ते चालायचं हो, तिथे पेट्रोलमध्येच ऑइल असायचं, काजळी धरायची, घासली की काम झालं. डिकीत तुमचा जादा प्लग आणि पाना कायम असायचा, आठवतं मला. पण इथे धातूच झिजलाय, घासून तो परत कसा येणार?

तिसरा प्लग मात्र काळा आणि तेलकट निघाला. हे तुमच्यापासून लपवत नाही. त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल उतरतंय, मिस्त्रीला व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे ऑइल वरच अडवणाऱ्या रबराचा संशय आहे. ऑइल जळल्याचा निळा धूर दिसत नाही, म्हणून सध्या डिपस्टिकने ऑइलची पातळी बघत राहायचं ठरलं. अशा वेळी इरिडियमचे महागडे प्लग घालण्यात मला अर्थ वाटला नाही, तेलाने तेही खराब होतील. साधेच घेतले, पण मॅन्युअलमधल्या नंबरचेच. मिस्त्रीने प्रत्येकाची गॅप फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने पाहिली, हाताने शेवटपर्यंत फिरवून मग पान्याने साधारण अर्धाच फेरा दिला. जोर लावून कसायचं नाही, हे त्याने शेजारच्या पोराला दोनदा बजावलं. तीन प्लग मजुरीसकट हजाराच्या आत. त्या वर्कशॉपचा आकडा तुम्हाला सांगत नाही, बीपी वाढेल.

आता सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. काल बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली, एकही गचका नाही. मायलेजचं एवढ्यात काही बोलत नाही, दोन टाक्या संपू देत. डायरीत तुमच्याच रकान्यात नोंद केली आहे आणि पुढची तारीख नाही, किलोमीटर लिहिलेत: १,५५,०००.

परतीचं तिकीट काढलं की कळवा, स्टेशनवर गाडी घेऊन येते. बाबांच्या गुडघ्याला तेल लावणं बंद करू नका. एक्स्चेंजवाल्याचा परवा फोन आला होता, त्याला मी नाही म्हणून सांगितलंय.

तुमची लेक