'झालं का?' न विचारणाऱ्या लॅबमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

ब्लॅक बुकच्या, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाच्या, प्रती जमा झाल्या. त्यातल्या आभाराच्या पानावर गाईड, विभागप्रमुख, प्राचार्य अशी रीतसर उतरंड आहे. लॅब असिस्टंटचं नाव तिथे बसत नाही म्हणे. म्हणून हे पत्र.

वर्षभर आम्हाला एकच प्रश्न होता, 'किती टक्के झालं?' उत्तरही ठरलेलं: नव्वद. विचारणारा खूश, सांगणारा सुटला. उरलेल्या दहात काय दडलंय ते कोण बघतो? चौघांचा कोड जोडणं, एकाच लॅपटॉपवर चालणारी तयार कोडची लायब्ररी, तीन जणांच्या फाइलींत तीनदा आलेली 'आकृती ४.२'. आमच्यातला एक जण गप्प गप्प राहायला लागला, तर त्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली गेली आणि उपाय म्हणून आणखी दोघे गटात घुसवले. चौघांत बोलाचालीच्या जोड्या सहा होतात, सहा जणांत पंधरा. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे ते परीक्षेत लिहायचं असतं, एवढंच.

तुम्ही स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "कुठं अडलंय रे?"

डेटाबेसचा पासवर्डच मिळाला नव्हता त्याला. आठ दिवस! मागायची लाज वाटत होती. 'झालं का?' म्हटल्यावर 'नाही' म्हणायला छाती लागते. 'कुठं अडलंय?' म्हणणाऱ्याने अडणं आधीच माफ केलेलं असतं. पद मोठं झालं की शेजारी बसायला गुडघे दुखत असावेत बहुतेक.

मग जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर तुम्ही उलटं मोजलंत. शुक्रवारी जमा, म्हणजे बुधवारी बाइंडरकडे, कारण मे महिन्यात तो दोन दिवस घेतोच. मंगळवारी सह्या, सोमवारी प्रिंट, शनिवारी संध्याकाळी कोडला कुलूप. रविवार कोरा. "तो काहीतरी बिघडायला ठेवलाय," म्हणालात. खाली दोन ओळी: एक काम एका दिवसापेक्षा मोठं नको, आणि दुसऱ्याच्या मशीनवर चाललं तरच 'झालं' म्हणायचं.

रविवारी अनुक्रमणिकाच उडाली. आकड्यांची जुळणी करण्यात दुपार गेली, पण सोमवार शाबूत राहिला.

ते पान लॅबच्या प्रतीत शेवटी चिकटवलंय. प्रत तुमच्याच कपाटात आहे, किल्ली तुमच्याकडे असतेच.

तुमचे,
गट क्रमांक ७