कुत्र्यासाठी घेतलेले गुण

वाई
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेलं ते विटेएवढं पुस्तक काल संपलं. अडीच आठवडे लागले. शब्दकोश फारसा लागला नाही, पण मधूनमधून पुस्तक पालथं घालून ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे. बाबांनी दोनदा विचारलं, "परीक्षा आहे का तुझी?"

तू जाताजाता दोन गोष्टी विचारल्या होत्यास. हे 'टोम ऑफ करप्शन' तुमच्या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळात पुढच्या कॅम्पेनला, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या कथेला, वापरू का, आणि मानसला खेळायला घेऊ का. दुसऱ्या प्रश्नापायी मामीचा फोन आधीच येऊन गेला होता. "वन्सं, ते सैतानाचं काहीतरी आहे म्हणे. सोळा वर्षांचा आहे हो तो." मी म्हटलं, वाचते आणि सांगते.

आधी दिवाळीतलं काढते, कारण ते घडलं नसतं तर मला या पुस्तकाबद्दल मतच नसतं. तुमचा चौथा गडी गावाला गेला म्हणून तुम्ही मला बसवलंत आणि फाशांनी माझ्या पदरात घातली उंदीर पकडणारी बाई. काठीला मेलेले उंदीर टांगलेले, आणि सोबत कुत्रा. 'लहान पण खुनशी' हे शब्द नियमांच्या पुस्तकातच छापलेले आहेत, ते वाचून मी किती हसले होते! मला वाटलं होतं या खेळात राजेराण्या नाहीतर जादूगार व्हायचं असतं. इथे थेट गटारात उतरायचं. सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या बाईला ते जड गेलं नाही म्हणा.

खेळातल्या अल्टडॉर्फ शहराच्या गटारात तिसऱ्या रात्री कुत्रा पाण्यात पडला. त्याला वाचवायला फाशांवर हवे होते 35 किंवा त्याच्या आत, आले 83. पुन्हा फासे टाकायची सवलत मी आधीच उधळून बसले होते. तेव्हा तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, "आई, अजून एकदा टाकता येईल. फक्त करप्शनचा, बिघाडाचा, एक गुण लिहायचा." मी विचारलं, "त्यानं काय होतं?" तू म्हणालीस, "आत्ता काहीच नाही."

गुण लिहिला, 31 आले, कुत्रा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊबीजेपर्यंत माझ्या कागदावर असे चार गुण झाले होते, चारही कुत्र्यासाठी, आणि एकदाही मला आपण काही वाईट करतोय असं वाटलं नाही. तू गेल्यावर तो कागद मी डब्यांच्या कपाटात ठेवलाय. अधूनमधून दिसतो.

आता पुस्तक. तुम्ही दिवाळीत जे खेळलात ते 'वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्ले'च्या 2018च्या चौथ्या आवृत्तीतलं. हे पुस्तक 2006चं, दुसऱ्या आवृत्तीच्या काळातलं, रॉबर्ट श्वाल्ब आणि मंडळींनी लिहिलेलं. खेळाचं जग तेच, आणि केऑसचे, म्हणजे ते जग नासवणाऱ्या अंदाधुंदीचे, चार देवही तेच. पण माणूस बिघडतो कसा, याचं उत्तर दोघांचं निराळं आहे, आणि मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. 2006च्या पुस्तकात बिघाड बहुतांशी बाहेरून येतो. वॉर्पस्टोन हा केऑसचा विषारी दगड हाताळला, नको तिथे गेलात, नको त्याच्या तावडीत सापडलात, की टाका फासे आणि बघा तक्ता. तक्ताही केवढा! तीन दहापैलू फासे एकत्र वाचायचे, एक ते हजार. शिंग, शेपूट, तिसरा डोळा, खूर, पिसं. पहिली दोन पानं मी डोळे विस्फारून वाचली, पुढची दोन हसत, आणि मग कंटाळा आला. हजार तऱ्हांनी माणूस विद्रूप होऊ शकतो हे कळलं, पण त्यातली एकही तऱ्हा त्याने स्वतः निवडलेली नव्हती.

चौथ्या आवृत्तीतला सौदा मात्र निवडायचा असतो. जीएम, म्हणजे खेळ चालवणारी, नुसती विचारते, हो म्हणणारी मी. गुण साठत जातात, अंगच्या काटकपणाच्या आणि मनोबलाच्या मापापलीकडे गेले की कसोटी लागते, आणि तीत हरलं तर शरीर तरी बदलतं नाहीतर मन तरी. म्हणजे तक्ता तिथेही आहेच, पण तिथवर आपण आपल्या पायाने चालत गेलेलो असतो. म्हणून नियम तुमचे नवेच ठेवा. या जुन्या पुस्तकातून माणसं घ्या, जागा घ्या, पंथ घ्या. हजाराचा तक्ता लाईट गेल्यावर करमणुकीला काढा.

त्या तक्त्यावर माझा राग जरा जास्त आहे हे मला कळतंय. त्याचं कारण तुला ठाऊक आहे. नोकरीतली अकरा वर्षं मी कुष्ठरोगाच्या गोळ्या वाटल्या. ती रंगीत पाकिटं तू लहानपणी पाहिली असशील, कुणाला सहा महिने, कुणाला बारा. पहिला डोस पोटात गेला की काही दिवसांत माणसापासून दुसऱ्याला धोका उरत नाही. पण बोटं आधीच वाकडी झाली असतील तर ती गोळीने सरळ होत नाहीत. माझी एक पेशंट बारा महिन्यांचा कोर्स संपवून, कागदावर पूर्ण बरी होऊन घरी गेली, तर सुनेने तिचा पाण्याचा तांब्या वेगळा मांडला होता. बोटांकडे बघून. आणि सूनच कशाला, 1898चा महारोग्यांना कोंडून ठेवायचा कायदा आपल्याकडे 2016 साली रद्द झाला. नवराबायकोतल्या एकाला हा रोग आहे म्हणून घटस्फोट मागायची सोय 2019पर्यंत कायद्यात होती. औषध तर ऐंशीच्या दशकापासून होतं.

शरीर वाकडं ते मन वाकडं, हे ज्या खेळात फासे टाकून ठरतं तो माझ्या हातून सहज खेळला जाणार नाही, एवढंच. पुस्तकवाल्यांना हे कळत नाही असं नाही. या जगात असं अंग घेऊन जन्मलेल्या बाळांना आईबाप रात्री रानाच्या कडेला ठेवून येतात, आणि रानातले पशुमानव त्यांना उचलून नेतात. वाढवतात! मी ते वाचून थांबले. माणसांनी टाकलेलं लेकरू राक्षसांनी सांभाळलं, तर मोठं झाल्यावर ते कुणाच्या बाजूने लढेल? कॅम्पेन कुठून सुरू करायचं विचारशील तर इथून कर. पाळणा रिकामा आहे, बाप म्हणतो बाळ तापाने गेलं, आणि शेजारणीला तिथे कुणी मेल्याचा रडण्याचा आवाज आलेला नाही.

चार देवांत मला नर्गल सगळ्यात पटला. (बाबांना हे वाक्य वाचून दाखवलं, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.) रोगराईचा देव, सडलेला, आणि भक्त त्याला आजोबा म्हणतात. घरात पटकी शिरलेली, वैद्य हात टेकून गेलेला, अशा वेळी कुणी नुसतं म्हणतं, दुखायचं थांबू दे. आजोबा थांबवतात. रोग जात नाही, दुखणं जातं. रात्रपाळीत मी हेच मागणं किती जणांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा त्याचा भक्त रंगवताना दाढीवाला माथेफिरू काढू नकोस. तीन मुलांपैकी दोन गेलेली बाई काढ.

मामाने म्हणे ते चार देव लगेच षड्रिपूंशी जुळवून दिले. ख्रोन म्हणजे क्रोध, स्लानेश म्हणजे काम, झालं. पुढे जुळत नाही ते त्याने बघितलं नाही. आपल्या सहांत निराशा नाही आणि नर्गल निराशेवर जगतो. आणि झीन्च? तो आशेवर. उद्या बदलेल, अजून एक डाव, अजून एक युक्ती. आशा ही अशी साखळी आहे की बांधलेला धावत सुटतो आणि सुटलेला पांगळा होऊन बसतो, हे सुभाषित तुला शाळेत होतं. त्या साखळीचाच हा देव. तुमच्यातला तो स्टार्टअपवाला मुलगा त्याच्या नादी लागेल, बघ.

उत्तरेकडच्या टोळ्यांवर बरीच पानं आहेत, ती भराभर वाचली. नॉर्स लोकांचं चांगलं जमलंय, त्यांच्या दृष्टीने हे देव वाईट नाहीत, नुसते देव आहेत. कुर्गन आणि हुंग मात्र नावापासूनच गवताळ मैदानातले घोडेस्वार, हूणांसारखे, आणि जन्मतःच गेलेल्या केसेस. अख्खी जमात बिघडलेली दाखवली की बिघडणं या शब्दाला काही अर्थ राहत नाही. तो भाग सोडलास तरी अडणार नाही.

आणि एक उणीव, ही मोठी. सगळं पुस्तक केऑसच्या बाजूने बघतं. केऑसला शोधत फिरणारे रुंद टोपीचे विच हंटर तितके डोळ्यांत भरत नाहीत. खेळातलं साम्राज्य ज्या जुन्या जर्मनीवरून उचललंय, तिथला खरा अंधार तर त्यांच्याच हातात होता. बाम्बर्ग शहरात 1626 ते 1631 या काळात चेटकाच्या आरोपाखाली शेकडो माणसं मारली. त्यात तिथला एक नगराध्यक्ष होता, योहानेस युनिउस. बायकोला आधीच मारलेलं. जुलै 1628 मध्ये त्याने तुरुंगातून आपल्या मुलीला, वेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं. अंगठे पिळून हात निकामी केले होते, म्हणून थोडं थोडं करत बरेच दिवस लिहीत होता. मी निर्दोष आहे, असं तो लिहितो. छळ करणारा माणूसच त्याला विनवत होता की काहीतरी रचून सांगा, नाहीतर हे थांबणार नाही. मग त्याने रचलं. सैतान कसा भेटला, कुठे नेलं, सगळं. एवढ्यावर भागलं नाही, बरोबर कोण होते त्यांची नावं सांगा म्हणाले. रस्त्यारस्त्याने नेऊन विचारलं, या गल्लीतलं कोण, त्या गल्लीतलं कोण. त्यानेही नावं दिली. त्याचं नाव ज्यांनी दिलं होतं त्यांनी मरायच्या आधी त्याची क्षमा मागितली होती. ऑगस्टमध्ये त्याला मारलं. पत्र बाम्बर्गच्या ग्रंथालयात अजून आहे.

ते वाचल्यावर मी पुस्तकात हजारातला कुठला आकडा यासाठी आहे ते शोधत बसले. मिळाला नाही. तुझ्या कॅम्पेनमध्ये एक गल्ली अशी असू दे, जिथे केऑसचा मागमूस नाही, फक्त विच हंटर आलेत आणि विचारतायत, इथलं कोण? खेळाडू कुणाचं नाव देतात ते बघ. गुण कितीचा लिहायचा ते तू ठरव.

मानसचं. मामीची भीती हसण्यावारी नेऊ नकोस. अमेरिकेत 1983 साली एका आईने मुलाने जीव दिल्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'विरुद्ध संघटनाच उभी केली होती. तिचं म्हणणं चूक होतं असं मी मानते, पण त्या आईला हसायची माझी हिंमत नाही. मानसला घे. शिंगं-शेपट्या त्याने मोबाइलवर यापेक्षा भयंकर पाहिल्या असतील. स्लानेशची पानं त्याच्यासमोर उघडायची नाहीत, तो देव हवाच असेल तर परिपूर्णतेचं वेड म्हणून दाखव, दिवसाला चौदा तास रियाज करणारा गवई. ती भानगड बाकीच्यांनाही जास्त टोचेल. टेबलावर एक्स कार्ड ठेव. स्टाव्रोपोलोस नावाच्या खेळाडूने काढलेली ती फुलीची चिठ्ठी, जिला कुणीही बोट लावलं की तो प्रसंग विनाचौकशी गाळायचा. आणि पहिलं बोट तू लाव, कुठल्यातरी फालतू गोष्टीला, म्हणजे त्याला लाजल्यासारखं होणार नाही. पुस्तक त्याच्या हाती द्यायचं नाही. ते जीएमचं आहे, खेळाडूने वाचलं तर मजा जाते, एवढंच कारण सांग. खोटंही नाही.

मामीला मी उद्या फोन करते.

पुस्तक शुक्रवारच्या एसटीने येणाऱ्या जोशीकाकूंबरोबर पाठवते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. नर्गलच्या प्रकरणात एका पानावर तेलाचा डाग पडलाय, तो माझा. जुनं आणि बाजारात न मिळणारं पुस्तक आहे हे ठाऊक आहे, आधी टाल्कम पावडर लावून बघितली, थोडा फिका झाला. ज्याचं आहे त्याला सांग, आजोबांचा प्रसाद.

माझा कागदही त्यातच घातलाय. चार गुण खोडू नकोस. आणि पुढच्या महिन्यात मी दोन दिवस येणार आहे तेव्हा पुन्हा तीच बाई घेईन, दुसरं पात्र देऊ नकोस. कुत्र्याचं नाव अजून ठरलेलं नाही, बाबा म्हणतात 'टिप्या'.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई