मॅडम, तुम्ही बाही वर केलीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आठ दिवस झाले, पण तुमचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मायच्या दंडावर लिंबाएवढी गाठ. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. गाठीला हात न लावताच म्हणाले, "कॅन्सरही असू शकतो, नागपूरला न्या." फी मात्र आधी घेतली. त्यानंतर दोन महिने माय धड जेवली नाही. कापूस वेचता वेचता तिचा हात सारखा दंडावर जायचा. त्यातच मानेवरच्या चामखिळींना कोणीतरी बिब्बा लावायला सांगितला. चामखिळी तशाच राहिल्या, कातडी मात्र भाजून फोड आले. घोड्याचा केस बांधा म्हणणारेही भेटले.

मग तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलो. बाहेर केवढी रांग! तरी तुम्ही मायचंच बोट धरून तिच्या गाठीवर ठेवलंत. "काकू, दाबून पाहा. मऊ आहे, बोटाखाली सरकते, दुखतही नाही. ही चरबीची गाठ, लायपोमा म्हणतात." आणि मग तुम्ही स्वतःची बाही वर केलीत. "माझ्याही हाताला आहे. लावा हात."

मायनं भीत भीत हात लावला. "तुमालेबी हाये का वो मॅडम?" म्हणाली आणि हसली. दोन महिन्यांनी हसली हो! माझा जीव तिथं भांड्यात पडला. औषधाची एक गोळीही न देता तुम्ही तिला बरं केलंत. एवढं शिकूनही म्हाताऱ्या बाईला आपला हात चाचपू देणारी माणसं आहेत, म्हणून आम्ही खेड्यातले लोक तगून आहोत.

तुम्ही सांगितलेलं सगळं ध्यानात आहे. गाठ झपाट्यानं वाढली, कडक झाली, दुखू लागली किंवा 5 सेंटीमीटरच्या वर गेली, तर लगेच यायचं. नाहीतर काढायची गरज नाही. चामखिळीही निरुपद्रवी, पण मानेवर खूप असल्या आणि कातडी काळवंडली असली की कधीकधी शुगर निघते, म्हणून रक्त तपासायचं.

सोमवारी उपाशीपोटी घेऊन येतो. सुईला घाबरणारी माय या वेळी आपणहून तयार झाली आहे. तुमच्यासाठी घरच्या तुरीची डाळ बांधून ठेवली आहे तिनं. नाही म्हणू नका.

तुमचा ऋणी,
एका मायचा लेक