समुद्राच्या मालिकेबद्दल, पण आधी शाळेच्या कपाटाबद्दल

प्रिय सुहास,

मुलांसाठी लिहिलेली समुद्रावरच्या गोष्टीची पाच पुस्तकांची मालिका गावातल्या सरकारी शाळांत न्यायची म्हणतोस, तर आधी कपाटाचं बोलू. समुद्राचं नंतर.

लहान गावातल्या शाळेत पुस्तक पोचणं सोपं, पोरांच्या हाती लागणं अवघड. पुस्तकं साठा रजिस्टरला चढली की ती मुख्याध्यापकांच्या अंगावर. एक जरी हरवलं तरी तपासणीत जाब त्यांनाच. मग कपाटाला कुलूप लागतं, आणि त्यात त्यांची फार चूक नाही. म्हणून भेटीच्या पत्रातच लिही की हाताळून फाटलेल्या किंवा हरवलेल्या प्रतींचं निर्लेखन करायला, म्हणजे त्या रजिस्टरमधून कमी करायला, देणाऱ्याची हरकत नाही. शिवाय पुस्तकं वर्गातल्या पेटीत ठेवायला सांग. नोंदवही मुलांनीच भरायची: नाव, भाग, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पाचवा रकाना आखलास की वही कोरीच राहील.

मालिकेचा खरा घात पहिल्या भागात होतो. तो हरवला की उरलेले चार नुसते पडून. त्यामुळे सारख्या संख्येने संच देऊ नकोस. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस प्रती द्यायच्या असतील तर पहिला भाग आठ, दुसरा पाच, तिसरा तीन, चौथा-पाचवा दोन-दोन. तरीही कुणीतरी थेट तिसराच उचलणार, तेव्हा प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अर्धं पान 'आतापर्यंत' हवंच. नकाशाही प्रत्येक भागात दे, पण मुखपृष्ठाच्या आत नको, कारण कव्हर गेलं की नकाशा गेला. बरोबर मधल्या पानांवरही नको. तिथला पिना वाकवून अलगद काढून नेतात (यात पोरांचा हात धरणारं कोणी नाही).

चौसष्ट पानांपर्यंत मधे पिना मारलेलं पुस्तक चालतं. त्यापुढे पाठ फुगते, मधली पानं बाहेर डोकावतात. नुसत्या डिंकाची बांधणी तर घेऊच नकोस. वाचताना पुस्तक पूर्ण उघडून दाबलं की पानं सुटतात. पानं जास्त असतील तर दोऱ्याची शिलाई.

आता प्रकरणांची लांबी. तास पस्तीस मिनिटांचा, पण हजेरी आणि आवराआवर वजा जाता हातात वीसच उरतात. वर्गाला ऐकू जाईल असं वाचायचं तर मिनिटाला शंभरेक शब्द. म्हणजे प्रकरण दोन हजार शब्दांच्या आत संपलं पाहिजे. तुझं तिसरं त्याच्या दुप्पट आहे. ते मधेच तुटेल आणि पुढच्या तासाला कोण कुठे होतं ते कुणालाच आठवणार नाही. फोड ते.

समुद्राबद्दल माझं म्हणणं एवढंच की जादू हवी तेवढी कर, पण पाण्याला पाण्यासारखं वागू दे. तुझ्याकडे आठवडाभर रोज संध्याकाळी सहालाच भरती येते. दोन भरत्यांत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सहाला आली तर रविवारी रात्री अकराच्या सुमाराला. आणि ही अडचण नाही, कथानक आहे! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी. तुझ्या गुहेचं दार फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडं पडतं असं केलंस, तर ते चुकलं की पंधरवडा थांबावं लागेल. खलनायकालाही.

चाळीस मीटर खोलीवर लाल झेंडा लालभडक दिसतो, तेही खोड. पाणी आधी लाल रंगच गिळतं, तिथे तो काळपट दिसेल. दिवा जवळ नेला तरच लाल. बुडालेल्या जहाजाची घंटा मात्र छान जमली आहे, फक्त पोरांना ती कुठून वाजते ते लगेच कळू देऊ नकोस. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून दिशा लागत नाही. घंटा चारी बाजूंनी वाजतेय असं वाटेल. याहून चांगली जादू तुला सुचायची नाही.

आणि क्षितिज. किनाऱ्यावर उभ्या पोराचा डोळा सव्वा मीटरवर धरला तर त्याला चार किलोमीटरपर्यंतचंच पाणी दिसतं. सोळा मीटरच्या डोलकाठीवर चढलं की चौदा. दूरचं जहाज दिसतं तेही आधी डोलकाठीचं टोक, मग शीड, शेवटी खालचा सांगाडा. तुझ्या चित्रकाराने आख्खं जहाज एकदम काढलंय, त्याला सांग.

पहिल्या भागाची फोडलेली प्रकरणं आधी पाठव. नकाशाच्या रेघा काळ्याच ठेव, कारण शाळेत त्याच्या झेरॉक्स निघणार आणि फिकट निळा त्यात उमटत नाही.

तुझा,
अनंत