मोहीमवाल्यांची वही वेगळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्ट्रॅटेजी गेमवरचा लेख आवडला. फक्त 'एकट्याने खेळायची मोहीम म्हणजे ऑनलाइन सामन्याआधीची नेट प्रॅक्टिस' या वाक्याला मी अडखळलो. मोहीम म्हणजे गोष्टीच्या ओघात संगणकाविरुद्ध एकामागून एक लढायच्या लढाया. माझ्यासारखे कितीतरी जण सरावाच्या या नेटमध्येच वर्षानुवर्षं खेळतात आणि त्यांना मॅचला जायचंच नसतं.

गाव वसवून, फौज उभारून लढायचा 'एज ऑफ एम्पायर्स २' हा संगणकावरचा गेम आला १९९९मध्ये. त्यानंतर दोनेक वर्षांनी सांगलीत, बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत तो मला भेटला. आज पंचेचाळिशीत रात्रीची जेवणं उरकली की तासभर खेळतो. आईला औषध द्यायला उठलो तरी लढाई माझ्यासाठी थांबून राहते. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा तोच गेम रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीसाठीच्या ऑनलाइन सामन्यांत, खेळतो. दिवाळीत माझ्या मागे उभा राहून ओरडला, "मामा, टाउन सेंटर रिकामं बसलंय!" टाउन सेंटर म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत; एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, आणि त्यातला एक सेकंदही वाया जाता कामा नये, असा त्याचा धर्म. मी त्या वेळी नदीकाठाने तटबंदी घालत होतो, वेस बरोबर रस्त्यासमोर यावी म्हणून.

गेम एकच, पण न्यायाची कल्पना दोघांची वेगळी. रँक्डमध्ये दोघांनी सारख्यावरून सुरुवात करायची, म्हणून एखादा शिपाई जरा स्वस्त पडला तरी बोंब होते. मोहिमेत शत्रूकडे आधीपासूनच किल्ले, फौजा आणि सोन्याच्या खाणी असतात, माझ्याकडे चार घोडेस्वार. ती विषमता हीच तर गंमत. जुन्या गेममध्ये सर्वात अवघड पातळीवर संगणकाला चक्क फुकटची सामग्री मिळायची. चिडायचो, पण खेळणं सोडलं नाही.

एप्रिल २०२२मध्ये याच गेमचा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा जोडसंच आला आणि खेळायला निवडायच्या आधीच्या एका 'इंडियन्स' गटाच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड झाले. सोबत बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा. आमच्यासारख्यांना मेजवानीच! गुर्जरांची खुबी अशी, की मेंढ्या कापून न खाता गिरणीत ठेवल्या तर अन्न आपोआप साठत राहतं. रँक्डमध्ये मात्र हे गुर्जर भलतेच भारी पडले, आणि पुढच्या अपडेट्समध्ये त्यांच्या ताकदीला कात्री लागली. स्पर्धेसाठी ते योग्यच होतं, भाचाही तेच म्हणाला. पण पृथ्वीराजाच्या मोहिमेतही हेच गुर्जर आहेत. तिथे कुणाची तक्रार नव्हती, तरी कात्री त्यांनाही लागली.

उलटी चूकही होते. मे २०२५मध्ये 'थ्री किंग्डम्स' हा संच आला. त्यातली शू, वेई आणि वू ही चिनी राज्यं तिसऱ्या शतकातली, म्हणजे बाकीच्या मध्ययुगीन गेमच्या पुष्कळ आधीची, आणि त्यांच्याकडे लढाईत उतरवायचे वीरनायक. हा मोहिमेचा माल, पण आणून ठेवला थेट रँक्डमध्ये. त्याच संचातल्या खितान आणि जुर्चेन या दुसऱ्या दोन गटांना मात्र मोहीम नाही! रँकवाले भडकले, आणि मोहीमवाला असूनही मला ते पटलं. आधीच्याच वर्षी याच गेममध्ये ग्रीक-इराणी युद्धांचा संच आला होता. त्यातली अथेन्स, स्पार्टा वगैरे मंडळी रँक्डच्या बाहेर ठेवली होती. मग सहा महिन्यांत असं काय बदललं?

'स्टारक्राफ्ट २' या दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेमने हे २०१०मध्येच नीट केलं होतं. त्याच्या मोहिमेत फायरबॅट, गोलायथ, मेडिक असे गडी मिळतात, जे ऑनलाइन सामन्यात नाहीतच. मोहिमेत वाट्टेल तेवढी ताकद वाढवा, स्पर्धेचा काटा हलत नाही. माझं मागणं एवढंच आहे: दोन वह्या ठेवा. रँक्डसाठी आकडे बदलले की ते मोहिमेत आपोआप उतरू नयेत.

यावर भाच्याचा आक्षेप असा, की मोहिमेत एक आणि सामन्यात दुसरं शिकलं तर नवखा गोंधळेल. मला नाही तसं वाटत. आजोबा घरी देशी बुद्धिबळ खेळायचे, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. शाळेच्या स्पर्धेत दोन घरं चालायची. दहाव्या वर्षी दोन्ही नियम डोक्यात बसले होते, आणि आम्ही काही फार हुशार मुलं नव्हतो. शिवाय ज्याला रँक्डला जायचंय त्याच्यासाठी 'एज ऑफ एम्पायर्स २'च्याच २०१९च्या आवृत्तीत 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे छोटे धडे आहेत, घड्याळ लावून घ्यायचे. नेट प्रॅक्टिस म्हणायची तर ती ही.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एखाद्या मोहीमवाल्याशीही बोलावं, ही विनंती. भाच्याला मी या सुट्टीत राजेंद्र चोळाची मोहीम लावून दिलीय. तिसऱ्या कामगिरीत अडकून बसलाय, पण टाउन सेंटर अजून एकदाही रिकामं नाही.

– आपला एक जुना वाचक, सांगली