डोळ्यांतलं तेल मोकळं करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दवाखान्यात बाहेरचा बाक कधी रिकामा नसतो, त्यामुळे तिथे निवांत आभार मानता येत नाहीत. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखाच त्रास असलेल्या पण नेमकं काय झालंय ते माहीत नसलेल्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत.

मी आरीवर्क करते. ब्लाउजच्या गळ्यावर, बाह्यांवर मणी, जरी, कटदाणा. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत फ्रेमवर मान खाली घालून बसावं लागतं. दिवस कलला की डोळे चुरचुरायचे, पापण्यांच्या कडा लाल व्हायच्या, सुईचं टोक धूसर दिसायचं आणि वर घळाघळा पाणी. पाणी येतंय म्हटल्यावर जो तो ॲलर्जीच म्हणायचा. चष्मा बदलून झाला, मेडिकलमधले लाली घालवणारे थेंब घालून झाले. घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आरी सोडावी लागते की काय, ही धास्ती मनात घर करून बसली होती, आणि माझं घर त्यावरच चालतं.

तुम्ही डोळ्यांना केशरी कागदी पट्टी टेकवलीत, निळा उजेड टाकलात आणि म्हणालात, “पापणी मिटू नका.” अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते पाहायचं होतं. 10 सेकंदांच्या आत तो फाटला तर काहीतरी बिघडलंय असं धरतात. माझा तुम्ही मोजायला लागताच फाटला. “डोळे कोरडे आहेत,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या गालावर पाणी ओघळत होतं. ते पाहून तुम्ही पुढचा पेशंट थांबवलात आणि समजावून सांगितलंत: अश्रूंवर तेलाची पातळ साय असते, ती नसली की पाणी भराभर उडून जातं, डोळा चिडतो आणि आणखी पाणी सोडतो, पण ते टिकत नाही.

हे तेल जिथून येतं त्या ग्रंथी पापणीच्या कडेला ओळीने असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. मायबोमियन ग्रंथी. हाइनरिक मायबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचं वर्णन केलं, त्याचंच हे नाव. साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट, आणि आमच्या गल्लीत ती कोणाच्या कानावरही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग तुम्ही कापसाच्या काडीने माझी खालची पापणी हलकेच दाबलीत आणि त्याचा फोटो मला मोबाइलवर दाखवलात. जिथून स्वच्छ, पातळ तेल यायला हवं तिथून पांढुरका घट्ट मलम बाहेर येत होता. “थंडीत खोबरेल थिजतं ना, तसं झालंय. बाटली आपण उन्हात ठेवतो, पापणीलाही ऊबच द्यायची,” एवढंच म्हणालात. त्यानंतर कुठलाही कागद वाचायची गरज उरली नाही.

शेक देतात हे मलाही माहीत होतं. पण कोमट पाण्यातला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि मग त्याचा उपयोग नाही, हे तुमच्याकडून कळलं. ऊब 40 अंशांच्या थोडी वर हवी आणि 5 ते 10 मिनिटं सलग टिकायला हवी, म्हणून दोन रुमाल आलटून पालटून घ्यायचे, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे, भाजेल इतके गरम नकोत. लगेच बोटाने मालिश: वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे तेल कडेकडे सरकतं. डोळ्यावर दाब द्यायचा नाही. शेवटी पापण्यांच्या मुळाशी साठलेला चिकटा पुसून काढायचा. हे सगळं तुमच्या सिस्टरनी माझा हात धरून करवून घेतलं. त्यांचेही आभार.

आणि काम करताना पापणी पूर्ण मिटायची. सुईवर नजर खिळली की आपण मिचकावायचंच विसरतो, अर्धवट मिटतो, आणि पापणी मिटल्याशिवाय तेल डोळ्यावर पसरत नाही. आता एक फूल भरून झालं की मी हात थांबवून डोळे मिटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही हेच सांगते.

तुमच्या खरेपणासाठी तर वेगळे आभार. माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की 2018 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या, पैसे जपून ठेवा. मशीनने पापण्या गरम करायचे उपचारही आहेत, पण आधी घरचा शेक नेमाने करून बघू, म्हणालात. हा त्रास मुळापासून जात नाही, रोज दात घासतो तसा शेकही रोजच, हेही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ऐकताना जड गेलं, पण त्यामुळेच थोडं बरं वाटल्यावर मी शेक सोडला नाही.

सध्या डोळ्यांचं पाणी बरंच कमी आहे. फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात पुन्हा चुरचुरलं, तेव्हा तुम्ही दिलेले, टिकवण्याचं रसायन नसलेले थेंब कामी आले. या लग्नसराईतल्या ऑर्डरी मी परत पाठवलेल्या नाहीत.

एक विनंती आहे. शेक आणि मालिश कशी करायची ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून बाहेरच्या बाकासमोर लावलंत तर फार बरं होईल. मजकूर तुम्ही सांगा, लिहून मी देते. पुढच्या तपासणीला येताना कोरा कार्डशीट घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
एक आरीवर्कवाली, सांगली